फुकटातली मॉन्टेसरी

इथे अमेरिकेत आपल्या लोकांत शाळेबद्दल पहिला प्रश्न असतो, "क्राउड कसा आहे?" शिकवतात कसं, मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडतात की नाही, हे सगळं मागाहून. आधी क्राउड. हा प्रश्न विचारताना आवाज थोडा खाली जातो, आणि उत्तर देणाराही कुणाचं नाव घेत नाही. "मिक्स्ड आहे" म्हणजे जाऊ नका. "डीसेंट आहे" म्हणजे गोरे आणि आपण. "आपलेच लोक फार आहेत" म्हणजे गणित पक्कं होईल, पण मुलाची झोप जाईल. शाळांना दहापैकी गुण देणारी वेबसाइट असते. गुणांच्या खाली एक रंगीत वर्तुळ असतं, कुठल्या वंशाची किती मुलं ते दाखवणारं. लोक सांगतात की आम्ही गुण बघतो. बघतात वर्तुळ.

मीही बघितलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे आणि बाई स्वतःला सोडून बोलते असं कुणी म्हणायला नको.

गोष्ट माझ्या मुलीच्या शाळेची आहे. ती आम्हाला उशिरा झाली, मी चाळिशी ओलांडल्यावर. तेव्हा ती सहाची होत आली होती आणि ईडन प्रेरीतल्या आमच्या घराजवळच्या सरकारी शाळेत किंडरगार्टनला जात होती. शाळा उत्तम. दहापैकी नऊ. मुलगी मात्र हळू. मंद नाही, हळू. झाड रंगवायला घेतलं की प्रत्येक पान वेगळं रंगवणार, सालीवर रेघा काढणार, मध्येच हात थांबवून नुसती बघत बसणार. शाळेत रंगवायला थोडाच वेळ असायचा. मग एक गाणं वाजायचं आणि ते संपायच्या आत सगळ्यांनी आवरून गालिच्यावर येऊन बसायचं. हिचं कधीच आवरून झालेलं नसे. रोज दप्तरातून अर्धी झाडं, अर्धी घरं, एक डोळा असलेली मांजर निघायची. पालकसभेत बाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं की ट्रान्झिशन, म्हणजे एकातून उठून दुसऱ्यात जाणं, हा तिच्यासाठी ग्रोथ एरिया आहे. इथे कुणाच्या मुलात दोष नसतात. ग्रोथ एरिया असतात.

त्या हिवाळ्यात तिने रंगवायला घेणंच सोडलं. कागद पुढे ठेवला तर म्हणायची, "आय वोन्ट फिनिश एनीवे." सहाव्या वर्षी. आपल्याकडे निवृत्त माणसं असं बोलतात. ते वाक्य तिच्या तोंडून दोन-तीनदा ऐकलं आणि मी दुसरी शाळा शोधायला लागले. मला तिला हुशार करायचं नव्हतं, आहे तेवढी पुरे आहे. मला तिचं ते वाक्य घालवायचं होतं.

गाडीने वीसेक मिनिटांवर एक मॉन्टेसरी होती आणि ती चार्टर होती. म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार स्वतंत्र मंडळाचा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात, म्हाडाच्या घरांची काढतात तशी. एरवी मॉन्टेसरी म्हणजे इथे श्रीमंतांचं काम. महिन्याला एवढी फी घेतात की मुलाला लाकडी ठोकळे का देतात ते कळतं, प्लास्टिकचे दिले तर पालक फी परत मागतील.

आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये पुण्याची एक बाई राहते. माझी इथली सर्वांत जवळची मैत्रीण म्हणावी अशी. माझी मुलगी तिला मावशी म्हणते. तिचा मोठा मुलगा शाळेतल्या अतिहुशार मुलांच्या गिफ्टेड प्रोग्रॅममध्ये आहे. ही माहिती ती स्वतःहून कधी देत नाही, फक्त तिच्याशी पाच मिनिटं बोललं की ती आपल्यापाशी आलेली असते. धाकटी मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. मी तिच्या स्वयंपाकघरात चहा पिताना ह्या शाळेचा विषय काढला.

"मॉन्टेसरी आणि फुकट?" ती म्हणाली. "अगं, जिथे फी नाही तिथे फिल्टर नाही."

"सोडत असते ना."

"सोडत म्हणजे कोणीही येणार. आणि स्कोअर बघितलेस का? दहापैकी चार आहे ती."

"तिथे परीक्षेची तयारी करून घेत नाहीत म्हणे."

"हो का? मग पुढे आयुष्यात कुणी परीक्षा घेणारच नाहीये वाटतं." तिने बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. "आणि क्राउड?"

"मिक्स्ड आहे," मी म्हणाले.

"बघ म्हणजे."

त्या वर्तुळात काळ्या मुलांचा भाग मोठा होता, इथे बहुतेक सोमाली निर्वासितांची मुलं. मी त्या भागाकडे बघून मनात जे म्हटलं ते शेजारणीपेक्षा वेगळं नव्हतं. फरक इतकाच की ते म्हणायचा अधिकार मला सर्वांत कमी होता. आम्ही बौद्ध आहोत, नागपूरचे. माझ्या वडिलांनी मला वस्तीपासून लांबच्या चांगल्या शाळेत घातलं तेव्हा तिथल्या पालकांनीही आपसांत हाच प्रश्न विचारला असणार. क्राउड हा शब्द त्यांच्याकडे नव्हता, दुसरे होते. शेजारणीला यातलं काही माहीत नव्हतं. आमचं आडनाव असं आहे की ते कुठेही खपून जातं, आणि मी ते खपू दिलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मी उकडीचे मोदक करून नेते, ते शेजारणीपेक्षा चांगले होतात. एप्रिलमध्ये जयंतीला आम्ही आमच्या समाजाच्या कार्यक्रमाला जातो. कुठे निघालात असं कुणी विचारलं तर मी सांगते की नवऱ्याच्या ऑफिसातल्यांचं गेट-टुगेदर आहे. कुणी मला लपवायला सांगितलेलं नाही. नवरा तर लपवत नाहीच, त्याला कुणी विचारत नाही एवढंच.

असो. शाळा बघायला गेले.

मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि हे काम मी घरी पगाराशिवायही करते असं नवरा म्हणतो. तेव्हा मी तयारी करून गेले. दारातच बूट काढायला लावले. ते ठीक, ते आपल्याला जमतं. पण बरोबरच्या पालकांनी मोजे घालून चालताना असे चेहरे केले जसं काही देवळात आलेत. शाळा दाखवणारा गृहस्थ पिकल्या केसांची शेंडी मागे बांधलेला होता आणि कुजबुजल्यासारखा बोलायचा. शिक्षिकेला टीचर म्हणायचं नाही, गाइड म्हणायचं, ताजमहालापाशी असतात तसे. मुलं जे करतात त्याला खेळ म्हणायचं नाही, अभ्यासही म्हणायचं नाही. त्याला म्हणायचं वर्क. भांडण झालं की दोघांनी कोपऱ्यातल्या टेबलाशी जायचं आणि तिथे ठेवलेला कापडी गुलाब ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचं. हा गुलाब आमच्या मंडळाच्या कमिटीला द्यावा असं मला वाटलं.

पालकही बघण्यासारखे होते. बाळाला पोटाशी बांधून आलेल्या एका गोऱ्या जोडप्याने विचारलं की लाकडाला पॉलिश कसलं करता, मेणाचं की केमिकलचं. आपल्यापैकी एका गृहस्थाने, तो तेलुगू असावा, विचारलं की इथून किती मुलं पुढे गिफ्टेडला जातात. शेंडीवाला दोघांनाही सारख्याच मायेने म्हणाला, "वी फॉलो द चाइल्ड."

"आणि चाइल्ड गणिताकडे गेलंच नाही तर?" मी विचारलं.

"देन वी वंडर व्हाय," तो म्हणाला. मग त्याने जे सांगितलं ते मात्र कुजबुजून सांगितलं नाही. सगळ्या गाइड मॉन्टेसरी शिकलेल्या नाहीत, दोघी अजून शिकतायत. गेल्या वर्षी एक जण वर्षाच्या मध्येच सोडून गेली. सकाळचा मुख्य वेळ जवळजवळ तीन तास सलग असतो, त्यात कुणी मुलांना उठवत नाही. पण राज्याच्या परीक्षांमुळे आठवड्यातले दोन दिवस वाचनाच्या तासासाठी तो मोडावा लागतो आणि ते त्याला आवडत नाही. उत्तरं खरी होती, म्हणून मला तो आवडला नाही. खोटं बोलणाऱ्याला नापास करणं सोपं असतं.

शेवटी प्रत्येक पालकाला वर्गाच्या एका कोपऱ्यात बुटक्या खुर्चीवर बसवतात. बोलायचं नाही, मुलांकडे बघून हसायचं नाही, काही उचलायचं नाही. माझे गुडघे छातीशी आले होते. सहा ते नऊ वर्षांची सगळी मुलं एकाच वर्गात. कुणी भागाकार करतंय, कुणी नकाशा गिरवतंय, दोघं जमिनीवर पडून काहीच करत नाहीयेत. हिजाब घातलेली एक आठेक वर्षांची मुलगी धाकट्या मुलीला वाचून दाखवत होती आणि ती ऐकत नाही म्हणून तिच्या गुडघ्याला हलकेच चापट मारत होती. एक मुलगा मण्यांची लांबच लांब माळ दारापासून पार कॉरिडॉरपर्यंत पसरून तिच्यावर आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवत चालला होता. तो मध्येच चुकला, मागे गेला, पुन्हा आला. लोक त्याची माळ ओलांडून जात होते. त्याला आवर म्हणून कुणी म्हटलं नाही. गाणं वाजलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. पण त्या मुलाच्या जागी माझी मुलगी मला अगदी स्पष्ट दिसली. घरी येऊन मी अर्ज केला.

मार्चमध्ये सोडतीत तिचं नाव लागलं. शुक्रवारपर्यंत जागा घ्यायची की नाही ते कळवायचं होतं. त्याआधी मुलीला सकाळभर वर्गात बसवून बघता येईल असं त्यांनी सांगितलं, म्हणून बुधवारी आम्ही दोघी गेलो. मी पुन्हा त्या बुटक्या खुर्चीवर.

आता इथे मला नागपूरचं सांगायला हवं, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या त्या चांगल्या शाळेत वर्ग झाडायच्या पाळ्या होत्या. फळ्याच्या कोपऱ्यात पाळीवाल्यांची नावं लिहिलेली असायची. नावं रोज बदलायची. झाडणाऱ्या मात्र आम्ही दोघीच, मी आणि आमच्याच वस्तीतली दुसरी एक. ज्यांचं नाव असेल त्यांनी कंटाळा केला की बाई आमच्याकडे बघून म्हणायच्या, "तुम्ही झाडा गं पटकन. तुमचा हात बसलेला आहे." वास्तविक माझ्या आईने घरी मला कधी फड्याला शिवू दिलं नव्हतं. ती स्वतः झाडायची आणि मला म्हणायची, तू पुस्तक घेऊन बस. माझा हात बसला तो शाळेतच बसला. हे मी आईला सांगितलं नाही, कारण ती शाळेत जाऊन भांडली असती. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो अमरावतीला सरकारी क्वार्टरमध्ये वाढला, साहेबाचा मुलगा. त्याच्या वर्गात शिपाई झाडायचा. त्याने ऐकून घेतलं असतं, आणि ऐकून घेताना त्याचा चेहरा जसा झाला असता तो मला नको होता.

तर बुधवारी गाइड माझ्या मुलीला घेऊन वर्गभर फिरली. तरुण गोरी पोरगी, सतत गुडघ्यांवर बसून बोलणारी. इथे मणी आहेत, इथे अक्षरं आहेत, इथे झाडांना पाणी घालायचं, तुला काय करावंसं वाटतं? माझ्या मुलीने सगळं नीट बघितलं, तिच्या पद्धतीने, म्हणजे बराच वेळ. आणि खुंटीवर लटकवलेला छोटा झाडू काढून घेतला.

जमिनीवर चिकटपट्टीने एक गोल आखलेला होता. कागदाचे कपटे पसरायचे आणि सगळीकडून झाडत झाडत त्या गोलात आणायचे, मग सुपलीत भरायचे. ती वाकली आणि झाडायला लागली. जीभ दातांत धरलेली. एक कपटा टेबलाखाली गेला तर त्याच्यासाठी ती पालथी पडली. गाइड माझ्याजवळ येऊन कौतुकाने कुजबुजली, "लुक ॲट दॅट कॉन्सन्ट्रेशन."

मी उठलेच. त्या खुर्चीवरून उठताना ती कलंडली आणि आवाज झाला. मी मुलीपाशी गेले, झाडूला हात घातला आणि म्हणाले, "ठेव ते."

तिने सोडला नाही. मी ओढला. सगळा वर्ग बघायला लागला, आणि त्या हिजाबवाल्या मुलीने जागेवरूनच मला सुनावलं, "यू हॅव टू आस्क हर. इट्स हर वर्क."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. गाइडला मी इंग्रजीत म्हणाले की माझी मुलगी शाळेत केर काढायला येणार नाही. माझा आवाज चढला होता. गाइड घाबरली नाही, फक्त गोंधळली. "शी चोज इट," ती म्हणाली. मग मुलीने झाडू सोडला. मी तो खुंटीवर लावला, तेही धड नाही, तो खाली पडला, आणि आम्ही बूट घालून बाहेर आलो.

गाडीत ती मागे वळून शाळेकडे बघत होती. मग म्हणाली, "मम्मा, आय वॉज गोइंग टू फिनिश."

तिच्या तोंडून हे ऐकायला मी शाळा शोधत फिरत होते. मी रेडिओ लावला.

संध्याकाळी शेजारीण तिचं इडलीपात्र परत न्यायला आली. माझी मुलगी टेबलाशी पोळी खात होती. "काय मग, बघितलीस ती फुकटातली मॉन्टेसरी?" शेजारणीने विचारलं.

मला गप्प बसता आलं असतं. त्याची सवयही आहे मला. पण त्या दिवशी मी किस्सा केला. शेंडीवाला, कापडी गुलाब, मेणाचं पॉलिश, सगळं रंगवून सांगितलं. ती हसत गेली तशी मी आणखी रंगवत गेले. आणि शेवटी म्हणाले, "कळस म्हणजे, झाडू मारायला शिकवतात."

"बाई गं," ती म्हणाली. डोळे पुसत होती. "आपण मुलींना अमेरिकेत आणलं ते हातात झाडू द्यायला का? ज्यांचं काम त्यांना करू दे की."

मी हसले. तिच्यापेक्षा मोठ्याने हसले.

मुलीने पोळीतून मान वर केली. "मावशी, हूज वर्क इज इट?"

"अगं, मेड्सचं. इंडियात मेड असतात ना, तुला आठवत नाही का?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला मावशीच्या उत्तराने काही कळलं नव्हतं, खरं उत्तर ती माझ्याकडून घेणार होती. मी तिला म्हणाले, "जेव आता गपचूप."

शुक्रवारी मी जागा नको म्हणून कळवलं. कारण विचारलं होतं, अंतर सांगितलं. नवऱ्याला सांगितलं की गणित कच्चं आहे तिथलं.

"काहून?" तो म्हणाला. "तुलाच तर आवडली होती ना."

"दहापैकी चार आहे."

"ते तर आधीपासूनच होतं."

"तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं."

त्याने पुढे विचारलं नाही. आमच्या घरात न विचारायची चांगली सवय आहे. मंडळाच्या बायकांना शेजारणीनेच परस्पर सांगितलं की आम्ही ती शाळा स्कोअरमुळे सोडली. त्यांनी माझं शहाणपण वाखाणलं.

उन्हाळा गेला, मुलगी घराजवळच्या जुन्याच शाळेत पहिलीत गेली. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मंडळाच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. शेजारणीची धाकटी, हातात तोच छोटा झाडू, समोर तोच गोल. खाली लिहिलेलं, "लाइफ स्किल्स ॲट मॉन्टेसरी. प्राउड मॉम." भराभर बदाम पडत होते. एकीने लिहिलं, किती गोड, आमच्याकडे पण पाठव. दुसरीने लिहिलं, डिग्निटी ऑफ लेबर इथेच शिकावी. ही दुसरी पुण्यात सासरी गेली की कामवालीचा कप वेगळा ठेवते, मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

फोटो गोडच होता. ती पोर झाडू धरून कॅमेऱ्याकडे बघत हसत होती आणि तो तिच्या हातात खेळण्यासारखा दिसत होता. तिचा हात बसलेला आहे असं तिला कुणी म्हणणार नाही. मीही एक बदाम टाकला.

मग तिच्या घरी गेले. "तू कधी अर्ज केलास?" मी विचारलं.

"अगं, सहजच टाकून ठेवला होता, गेल्या हिवाळ्यात. वेटलिस्टला होतो." ती भाजी चिरत होती, मान वर न करता बोलत होती. "तुला बोलले नाही कारण लागेल असं वाटतच नव्हतं. मग ऑगस्टमध्ये फोन आला. म्हटलं, बघू या."

"दहापैकी चार आहे ना ती."

"ते स्कोअर काय गं, त्यात सगळी मुलं धरतात. आपली घरी करतातच."

"आणि क्राउड?"

"डायव्हर्स आहे," ती म्हणाली. "आणि ते चांगलंच आहे. कॉलेजवाले पुढे तेच बघतात."

ज्या शाळेला आपण चारचौघांत नावं ठेवतो तिथे आपला अर्ज आधीच जाऊन बसलेला असतो, ही आपल्या लोकांची जुनी रीत. मला राग येण्याचं कारण नव्हतं, मीही तिच्यापासून काही कमी लपवलेलं नाही. ती जागा माझ्याच मुलीने सोडलेली की दुसऱ्या कुणाची, ते मला माहीत नाही. मी तिथून उठले आणि घरी आले.

मुलगी आता जलद झालीये. शाळा खूश आहे. गाणं संपायच्या आत ती गालिच्यावर असते. चित्रही काढते. एक वर्तुळ, भोवती चार रेघा, सूर्य झाला. पाठोपाठ दुसरा कागद. तिच्या दप्तरातून आता अर्धं काही निघत नाही. मी ते सूर्य फ्रीजवर लावत नाही, तीही लाव म्हणत नाही.

फोटोनंतर दोन दिवसांनी मी ऑफिसच्या गाडीतळावरून त्या शाळेला फोन केला. शेंडीवालाच बोलला. जागा नाही, तो म्हणाला, वेटलिस्टच्या शेवटी नाव लिहितो, आणि जानेवारीत पुढच्या वर्षाच्या सोडतीला नव्याने अर्ज करा. तुम्ही अंतर लांब म्हणून सोडली होती ना, आता राहायला जवळ आलात का?

मी म्हणाले, नाही. आणि मग त्या परक्या माणसाला मी खरं कारण सांगितलं. माझ्या शाळेत आमच्या जातीच्या मुलींकडूनच वर्ग झाडून घ्यायचे, मी त्यातली होते, आणि मुलीच्या हातात झाडू बघून मला तेवढंच दिसलं. जात हा शब्द इंग्रजीत म्हणताना मी तो उगीच दोनदा म्हटला, त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा हे बोलत होते.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याच मायाळू आवाजात म्हणाला, "थँक यू फॉर शेअरिंग दॅट," आणि ई-मेल पत्ता तोच आहे ना ते विचारलं.

मी गाडीत बसून हसले. इतकी वर्षं जे जपून ठेवलं त्याची एवढीच किंमत आली. आणि खरं सांगायचं तर त्याने काय म्हणायला हवं होतं, तेही मला सुचलं नाही. त्याच्याशी माझा हिशेब नव्हताच. ज्या माणसाच्या हातातून मी झाडू ओढला होता ते माणूस घरी बसून सूर्य काढत होतं.

घरी आल्यावर तिच्यापाशी जाऊन बसले. म्हणाले, "तुला आठवतं, त्या शाळेत मी तुझा झाडू घेतला होता?"

"यस," ती मान वर न करता म्हणाली.

"मी लहान असताना मला शाळेत झाडायला लावायचे. बाकीच्या मुलींना नाही. मला."

"व्हाय यू?"

"आपण बौद्ध आहोत ना, म्हणून. आपले लोक आधी ज्या जातीत होते त्या जातीनेच झाडायचं असं तिथल्या बाईंना वाटायचं. म्हणून तुझ्या हातात बघून मला राग आला. तुझा नाही आला. त्यांचा आला."

तिने रंगाचा खडू खाली ठेवला आणि विचार केला. तिच्या जुन्या पद्धतीने, म्हणजे बराच वेळ.

"बट नोबडी मेड मी," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "तुला कुणी लावलं नव्हतं."

"देन यू शुड से सॉरी."

मी म्हटलं. आधी मराठीत म्हटलं, मग तिला पुरेसं वाटलं नाही म्हणून इंग्रजीत म्हटलं.

"ओके," ती म्हणाली. मग विचारलं, ती जागा अजून आहे का.

"नाही. दुसऱ्या कुणीतरी घेतली. आपण यादीत आहोत, शेवटी."

"शेवटी म्हणजे किती?"

मला माहीत नव्हतं. मी तसं तिला सांगितलं.